आधी बसा, मग मागा : पुण्यातल्या सेवा क्लबमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

पुण्यात रोटरी किंवा लायन्स क्लबच्या दारात आलेला नवा माणूस बहुधा दोन प्रश्न घेऊन येतो. दर आठवड्याला जमून तुम्ही नक्की करता काय? आणि प्रकल्पांना पैसे आणता कुठून? पहिल्याचं उत्तर त्याला फुटकळ वाटतं, कारण त्यात चहा, गप्पा, वाढदिवस आणि एखादं व्याख्यान एवढंच असतं. म्हणून तो सभा टाळून थेट निधी गोळा करायला निघतो आणि पहिल्याच महिन्यात हात हलवत परत येतो. पुणेकर अनोळखी माणसाला सहसा पैसे देत नाही. ओळखीच्याला देतो, तेही पावती मागून. ती ओळख सभेत होते. त्यामुळे साप्ताहिक सभेबद्दल मी आधी लिहिणार आहे आणि पैशांबद्दल नंतर, वाचताना कितीही घाई झाली तरी.

हा क्रम या चळवळीच्या इतिहासातही दिसतो. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोमध्ये पॉल हॅरिस हा वकील तीन परिचितांना घेऊन बसला, तीच रोटरीची सुरुवात. पुढे ही मंडळी आळीपाळीने एकमेकांच्या ऑफिसात जमू लागली. उद्देश साधा होता : परक्या मोठ्या शहरात चार ओळखीची माणसं असावीत, जमलं तर एकमेकांना धंदाही द्यावा. समाजसेवा तेव्हा अजेंड्यावर नव्हती. पहिलं सार्वजनिक काम १९०७ मध्ये हाती घेतलं, आणि ते होतं शिकागोच्या सिटी हॉलजवळ सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं यासाठीची खटपट. लायन्सची सुरुवातही त्याच शहरातली, १९१७ ची. पुढचं बरंचसं रोटरीला धरून लिहिलं आहे, पण लायन्स किंवा दुसऱ्या सेवा क्लबमध्ये जाणाऱ्यालाही थोड्याफार फरकाने ते लागू पडेल.

क्लब निवडताना

रोटरीच्या रचनेत पुणे आणि रायगड मिळून ३१३१ हा प्रांत होतो. त्याच्या प्रमुखाला इंग्रजीत गव्हर्नर म्हणतात, मराठी वर्तमानपत्रांत तुम्ही ‘प्रांतपाल’ वाचलं असेल. या एका प्रांतात क्लब डझनावारी आहेत, त्यामुळे ‘रोटरीत जायचंय’ एवढं ठरवून भागत नाही, कुठल्या क्लबात ते ठरवावं लागतं. सदस्यत्व निमंत्रणाने मिळतं : कोणीतरी सदस्य तुमचं नाव सुचवतो, क्लबचं संचालक मंडळ ते मान्य करतं. ओळखीचं कोणी नसेल तर रोटरीच्या संकेतस्थळावर इच्छा नोंदवता येते, ती स्थानिक क्लबांपर्यंत पोहोचवली जाते.

अंतर हा पहिला निकष. सिंहगड रोडला राहून खराडीचा क्लब घेऊ नका, मित्र कितीही जवळचा असो. संध्याकाळी साडेसातची सभा आणि आपली वाहतूक यांचं काय नातं आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. दुसरा निकष वार. तुमचा कारखाना भोसरी-चिंचवडकडे असेल तर गुरुवारची सुट्टी असण्याची शक्यता मोठी, मग गुरुवारी भेटणारा क्लब सोयीचा. काही क्लब सकाळी नाश्त्याला भेटतात, नोकरदारांना ते बरं पडतं. तिसरी गोष्ट भाषा. काही क्लबांचं सगळं कामकाज इंग्रजीत चालतं, काहींचं मराठीत, बऱ्याच ठिकाणी सूचना इंग्रजीत आणि विनोद मराठीत असा मामला असतो.

निदान दोन-तीन सभांना पाहुणा म्हणून बसा. त्यातली एक सभा अगदी साधी, मोठ्या वक्त्याशिवायची असू द्या. नामांकित पाहुणा असला की हॉल भरतोच. काही विशेष नसताना किती जण येतात, यावरून क्लब जिवंत आहे की नुसता यादीत आहे ते कळतं. बसल्या जागी हेही विचारून घ्या : वार्षिक वर्गणी किती, त्यात सभेचं खाणं धरलंय का, प्रवेशशुल्क वेगळं आहे का, आणि क्लबचा स्वतंत्र नोंदणीकृत न्यास म्हणजे ट्रस्ट आहे का. शेवटचा प्रश्न नव्या माणसाने विचारला की खजिनदार मान वर करून बघतो. बघू द्या.

वय अठरा ते तिशीच्या आसपास असेल तर रोटरॅक्ट हा पर्याय आहे, तिथे वर्गणी कमी आणि धावपळ जास्त. शाळकरी मुलांसाठी इंटरॅक्ट, महिलांसाठी इनरव्हील. महिलांना रोटरी क्लबचं सदस्यत्व जगभर खुलं झालं ते १९८९ पासून. त्यामुळे ‘बायकांनी इनरव्हीलमध्ये जावं’ असं कोणी सुचवलं तर तो सल्ला जुना आहे हे लक्षात असू द्या.

साप्ताहिक सभा : तिथे काय चालतं

सभा साडेसातची असेल तर सातलाच पोहोचा. हा अर्धा तास निमंत्रणात लिहिलेला नसतो. चहाचा कप हातात घेऊन उभ्या उभ्या जी बोलणी होतात, त्यांतच अर्धे प्रकल्प ठरतात. वेल्ह्याकडच्या कुठल्या शाळेच्या छपरातून पाणी गळतंय, कुणाच्या कंपनीत जुने संगणक बदलणार आहेत, कुणाच्या भाच्याचा छापखाना आहे, हे व्यासपीठावरून कधीच कळत नाही.

मग अध्यक्ष घंटा वाजवतात आणि सभा सुरू होते. राष्ट्रगीत किंवा प्रार्थना, पाहुण्यांची ओळख, त्या आठवड्यातले वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस, सचिवांच्या सूचना. काही क्लबांत चार प्रश्नांची कसोटी म्हणतात : हे सत्य आहे का, सर्व संबंधितांना न्याय्य आहे का, यातून सद्भाव आणि मैत्री वाढेल का, सर्वांचं भलं होईल का. ही कसोटी हर्बर्ट टेलर नावाच्या व्यावसायिकाने १९३२ मध्ये लिहिली, तीही बुडीत निघालेली भांड्यांची कंपनी सावरण्यासाठी. समाजसेवकाने नव्हे, धंद्यात अडकलेल्या माणसाने लिहिली म्हणून ती मला जास्त पटते. मग वक्ता, प्रश्नोत्तरं, आभार, पुन्हा घंटा. सगळं तास-सव्वा तासात उरकतं, निदान उरकावं अशी अपेक्षा असते.

काही शब्द पहिल्या दिवशी गोंधळात टाकतात. नावाआधीचं ‘रो.’ म्हणजे रोटेरियन. सदस्यांच्या पत्नींना ‘अ‍ॅन’ आणि मुलांना ‘अ‍ॅनेट’ म्हणण्याची पद्धत आपल्याकडे आहे. हल्ली पत्नीच सदस्य आणि पती पाहुणा असं अनेकदा असतं, तेव्हा ही जुनी नावं जरा अवघडतात. ‘सार्जंट’ म्हणजे सभेची शिस्त बघणारा. उशिरा आलात, मोबाइल वाजला, गळ्याशी क्लबची पिन नाही, तर तो हसत हसत दंड करतो. दंडाची रक्कम किरकोळ असते आणि ती देताना वाद घालायचा नसतो. नव्या माणसाने पहिला दंड हसून दिला की अर्धा क्लब त्याला ओळखायला लागतो.

‘नंतर फेलोशिप आहे’ असा निरोप आला तर सभेनंतर जेवण आहे असं समजा. काही ठिकाणी ग्लासही असतात. घ्यायचं की नाही हा तुमचा प्रश्न, आग्रह झाला तर एकदाच स्पष्ट सांगा, पुढच्या वेळी कोणी विचारत नाही. महत्त्वाचं हे की त्या जेवणाचा खर्च येणाऱ्यांनी वाटून घ्यायचा असतो. तो प्रकल्पाच्या पैशातून होता कामा नये. याकडे पुन्हा येतोच.

हजेरीचा बाऊ पूर्वी फार होता. सभा चुकली तर दुसऱ्या क्लबच्या सभेला बसून ‘मेकअप’ करावा लागे. २०१६ मध्ये नियम सैल झाले, क्लबांना महिन्यात निदान दोन वेळा भेटण्याची मुभा मिळाली आणि वेळापत्रक ज्याचं त्याला ठरवता येऊ लागलं. तरी दुसऱ्या क्लबमध्ये जाऊन बसण्याची जुनी सवय मी नव्या सदस्यांना आवर्जून लावायला सांगतो. हडपसरचा क्लब काय करतो ते कोथरूडच्या क्लबला माहीत नसतं, आणि दोघंही एकाच पद्धतीची तीच चूक दरवर्षी करत असतात.

पहिल्या सहा महिन्यांत कुठलं काम घ्यावं

निधी समितीत लगेच जाऊ नका. स्वागताच्या टेबलावर बसा. पाहुण्यांची नावं लिहून घेणं, वक्त्याला पार्किंग कुठे ते कळवणं, त्यांना घ्यायला खाली जाणं. हे काम कोणालाच नको असतं, म्हणून ते मागितलं की लगेच मिळतं. महिनाभरात सगळ्यांची नावं, व्यवसाय आणि स्वभाव तुम्हाला पाठ होतात. कोण शब्दाला पक्का, कोण सभेत ‘माझ्याकडून पाच हजार’ म्हणून टाळ्या घेतो आणि मार्चपर्यंत सापडत नाही, हेही कळतं. निधी गोळा करताना ही माहिती कुठल्याही कोर्सपेक्षा उपयोगी.

दुसरं चांगलं काम म्हणजे एखाद्या प्रकल्पाच्या जागी प्रत्यक्ष जाणं. आषाढीच्या आधी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, तेव्हा शहरातले अनेक क्लब वारकऱ्यांसाठी औषधोपचार, पायाला मालिश, चपला दुरुस्ती असलं काहीतरी करतात. रोटरीचं वर्ष १ जुलै ते ३० जून. म्हणजे पालख्या येतात त्याच सुमारास पदाधिकारी बदलत असतात आणि जुन्या-नव्यांत कोणी काय करायचं याचा घोळ असतो. अशा वेळी हाताला काम लागतं.

पैसे : आधी गरज, मग कार्यक्रम

नव्या मंडळींचा नेहमीचा क्रम उलटा असतो. ‘एक गाण्याचा कार्यक्रम करूया, पैसे आले की बघू कुठे द्यायचे.’ असं कधीही करू नका. तिकीट विकायला गेलात की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, ‘कशासाठी?’ त्यावर ‘समाजकार्यासाठी’ हे उत्तर चालत नाही. ‘पुरंदर तालुक्यातल्या एका शाळेत मुलींसाठी चार स्वच्छतागृहं बांधतोय, एवढा खर्च आहे, निम्मे जमलेत’ असं सांगितलं की समोरच्याचा हात खिशाकडे जातो. आधी जागेवर जाऊन या, ठेकेदाराकडून लेखी दरपत्रक घ्या, मुख्याध्यापकांचं पत्र घ्या, आणि नंतर देखभाल कोण करणार ते त्याच पत्रात लिहून घ्या. पाणी नसलेल्या शाळेत स्वच्छतागृह बांधून त्याला कुलूप लागलेलं मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलं आहे.

गरज ठरली की पैसे कुठून येऊ शकतात याचा विचार. सदस्यांच्या खिशातून, लोकांकडून, कंपन्यांकडून आणि रोटरी फाउंडेशनकडून, म्हणजे रोटरीच्या स्वतःच्या जागतिक देणगी-संस्थेकडून. फाउंडेशनचं नव्या माणसाला फार आकर्षण असतं, म्हणून थोडक्यात : सदस्य दरवर्षी वार्षिक निधीला जे देतात त्यातला जवळपास निम्मा भाग तीन वर्षांनी आपल्याच प्रांताला वापरायला मिळतो, आणि त्यातून लहान प्रकल्पांना मदत होते. ‘ग्लोबल ग्रँट’ या फाउंडेशनच्या मोठ्या अनुदानाला प्रकल्पाचा एकूण खर्च निदान ३०,००० डॉलर लागतो आणि परदेशातला एखादा क्लब भागीदार असावा लागतो. कागदपत्रं भरपूर, वेळ भरपूर. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका, जो जातोय त्याच्या शेजारी बसून बघा.

देणगी प्रवेशिका : नाटकाचा मदतीचा प्रयोग

पुण्यात सगळ्यात रुळलेला मार्ग हाच, म्हणून यावर जरा सविस्तर. चालू नाटकाचा एक प्रयोग क्लब निर्मात्याकडून ठरावीक रकमेला विकत घेतो. याला कॉन्ट्रॅक्ट शो म्हणतात. नाट्यगृह कधी निर्मात्याच्या तारखेत मिळतं, कधी क्लबला घ्यावं लागतं. मग क्लब नेहमीच्या तिकिटाऐवजी ‘देणगी प्रवेशिका’ विकतो. त्यांची किंमत बाहेरच्या दरापेक्षा थोडी जास्त.

आकडे उदाहरणापुरते धरा. प्रयोग, नाट्यगृह, छपाई, चहापाणी मिळून दोन लाख खर्च. प्रवेशिका ५०० रुपयांची आणि ७०० विकल्या, तर साडेतीन लाख आले, दीड लाख उरले. आता त्याच जागी ३०० विकल्या तर पन्नास हजारांचा खड्डा. सातशे आणि तीनशे यांतला फरक ठरतो तो सदस्य घराबाहेर किती जणांना सांगतात यावर. पन्नास सदस्यांच्या क्लबात प्रत्येकाने आपल्या घरच्या चारच विकल्या तर दोनशेच होतात. म्हणून प्रवेशिका वाटताना ‘प्रत्येकी दहा, जमतील तशा’ असं मोघम सांगू नका. प्रत्येकाकडून नावांची यादी घ्या : सोसायटी, ऑफिस, शाळेचा जुना वर्ग, जिमचा ग्रुप. आणि न खपलेल्या परत करण्याची एक तारीख ठरवा, प्रयोगाच्या निदान आठवडाभर आधीची. प्रयोगाच्या दिवशी दुपारी गठ्ठा परत आणणारा सदस्य प्रत्येक क्लबात असतो, आणि तो बहुधा माजी अध्यक्ष असतो.

खरी कमाई प्रायोजकांकडून होते. वरच्या उदाहरणात पन्नास हजारांचे तीन प्रायोजक मिळाले की आणखी दीड लाख आले, म्हणजे प्रवेशिकांइतकेच. पण रिकाम्या नाट्यगृहाला प्रायोजक मिळत नाही, त्यामुळे दोन्हींची गरज आहे.

तारीख तीन-चार महिने आधी बघायला लागा. बालगंधर्व रंगमंदिर किंवा कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह यांच्या शनिवार-रविवार संध्याकाळच्या वेळा सगळ्यांनाच हव्या असतात. रविवारी दुपारी साडेबाराचा प्रयोग मिळाला तर नाक मुरडू नका, ज्येष्ठांना तो रात्रीच्या साडेनऊपेक्षा बरा वाटतो. दहावी-बारावीच्या परीक्षांचे दिवस टाळा, गणपतीचे दिवस टाळा, भारत-पाकिस्तान सामना आहे का ते बघा. नाटक विनोदीच असावं असं नाही, पण जे आधीच शंभरदा पुण्यात झालंय ते घेतलंत तर ‘आमचं बघून झालंय’ हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा.

किमतीबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. नाटक, संगीत, नृत्याच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी माफ आहे. त्यावरचा दर ठेवायचा असेल तर आधी तुमच्या सीएला विचारा. गाण्याचा कार्यक्रम असेल तर गाण्यांच्या हक्कांची परवानगी लागते, ती आयोजकाच्या नावावर असते. वाद्यवृंदवाले ‘आमच्याकडे आहे’ म्हणाले तरी कागद मागा.

सदस्य प्रवेशिका घेतात आणि येत नाहीत, हे ठरलेलं. पहिल्या चार रांगा रिकाम्या दिसल्या की कलाकारांचा मूड जातो. त्या जागा आधीच कुणाला तरी द्या : एखाद्या रुग्णालयातल्या परिचारिका, पीएमपीचे चालक-वाहक, ज्या शाळेसाठी पैसे जमवताय तिथले शिक्षक. मध्यंतरात शिक्षकांना दोन मिनिटं बोलू द्या. अध्यक्षांना अर्धं मिनिट पुरतं. लोक नाटक बघायला आले आहेत आणि त्यांना वडाही खायचा आहे.

दिवाळी, स्मरणिका आणि इतर लहान वाटा

दिवाळीत फराळ, उटणं, पणत्या, आकाशकंदील यांचा स्टॉल सोसायट्यांत चांगला चालतो. माल बचत गटाकडून किंवा विशेष मुलांच्या कार्यशाळेतून घेतला तर दोन कामं होतात. ऑर्डर आगाऊ घ्या, उरलेली चकली कोणी घेत नाही. खाद्यपदार्थ बनवणाऱ्याकडे एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची, नोंदणी आहे का ते बघा. पेठांत घरोघरी सांगून विक्री होते, बाणेर-वाकडकडे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, पण तिथे आधी सोसायटीच्या सचिवांची परवानगी लागते, आणि ती मिळवायला चकलीइतकाच वेळ जातो.

स्मरणिका जुनी झाली असं तरुण सदस्य म्हणतात. वाचत कोणी नाही हे खरं, पण व्यावसायिकाला जाहिरात देणं सोपं जातं, कारण तो खर्च जाहिरातीत दाखवता येतो. मलपृष्ठ, आतलं मुखपृष्ठ, पूर्ण पान, अर्धं पान असे दर ठरवा आणि मलपृष्ठ सगळ्यात आधी विका.

लकी ड्रॉची तिकिटं विकून पैसे जमवण्याची कल्पना दरवर्षी कोणीतरी मांडतं. सरकारी अधिकाराशिवाय लॉटरी चालवणं हा गुन्हा आहे. चांगल्या कामासाठी आहे म्हणून त्यातून सुटका होत नाही. कल्पना तिथेच थांबवा.

मागायला जाताना

दोघांनी जा. एकाची ओळख असावी, दुसऱ्याला प्रकल्प पाठ असावा. दुकानदाराकडे सकाळी बोहनीच्या वेळी जाऊ नका आणि दुपारी एक ते चार या वेळेत का जाऊ नये यावर पुण्यात स्पष्टीकरण लागत नाही. एक पानाचं माहितीपत्रक पुरे. त्यावर काम काय, कुठे, खर्च किती, जमले किती, कधी पूर्ण होणार आणि पैसे कुठल्या खात्यात जाणार. रक्कम स्वतः सुचवा. ‘तुम्हाला योग्य वाटेल ते’ म्हटलं की समोरच्याला वर्गणीची पावती आठवते आणि तो पाचशे एक रुपये काढतो. ‘एका स्वच्छतागृहाच्या दरवाज्याचा खर्च तुम्ही उचलाल का’ असं विचारलं तर तो निदान विचार करतो.

नाही म्हणाला तर सभेला बोलवा. कामाबद्दल बोलायला, त्याच्या व्यवसायाबद्दल व्याख्यान द्यायला, नुसता चहाला. माझ्या पाहण्यात मोठ्या देणग्या अशाच लोकांनी दिल्या ज्यांना आधी कोणी काही मागितलं नव्हतं, फक्त चार सभांना बसवलं होतं.

कंपन्यांकडे जाणार असाल तर सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चाचा, हिशेब समजून घ्या. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ मालमत्ता ५०० कोटी यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. पण तो पैसा क्लबला मिळत नाही. त्यासाठी नोंदणीकृत संस्था, आयकर सवलतीच्या नोंदण्या आणि सीएसआर-१ हा सरकारी नोंदणी क्रमांक लागतो. म्हणूनच सुरुवातीला ट्रस्टबद्दल विचारायला सांगितलं.

पावती, खातं आणि हिशेब

एकच नियम लक्षात ठेवायचा तर हा : सदस्यांचा पैसा आणि लोकांचा पैसा दोन वेगळ्या खात्यांत. वर्गणीतून सभा, खाणं, हॉलचं भाडं, पदग्रहण समारंभ, फुलांचे हार. लोकांकडून आलेला पैसा फक्त प्रकल्पावर. पदग्रहणाच्या जेवणाचं बिल ‘तात्पुरतं’ प्रकल्पाच्या खात्यातून भरू, नंतर वळतं करू, असं कोणी म्हणालं तर नव्या सदस्यानेही हात वर करून नाही म्हणावं.

देणगी घेताना क्यूआर कोड ट्रस्टच्या खात्याचाच हवा. एखाद्या सदस्याच्या मोबाइल क्रमांकावर पैसे घेऊन नंतर भरण्याचा मार्ग सोयीचा असतो आणि भांडणाचाही. देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन तिथल्या तिथे लिहून घ्या. ८०जी म्हणून सगळे ओळखतात ती देणगीवरची आयकर सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, नव्या प्रणालीत नाही, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळतच नाही. ट्रस्टला वर्षअखेरीनंतर देणग्यांचं विवरण भरून देणगीदाराला आयकर खात्याकडून निघालेलं प्रमाणपत्र द्यावं लागतं, हातातली पावती पुरत नाही. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा असल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक छापण्याआधी सीएकडून तपासून घ्या.

इथे एक गोष्ट घोळ करते. प्रवेशिका विकत घेणारा किंवा स्मरणिकेत जाहिरात देणारा त्या बदल्यात काहीतरी घेतोय, तो देणगीदार नव्हे. त्याला ८०जीची पावती देता येत नाही. विकतानाच सांगा, म्हणजे मार्चमध्ये फोन येत नाहीत.

क्लबचा ट्रस्ट नसेल आणि लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी बघा. गणेशोत्सवात मंडळं घेतात तीच. परदेशातल्या भाच्याने डॉलर पाठवतो म्हटलं तर आधी थांबवा. तो परदेशी नागरिक झाला असेल तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय ते पैसे घेता येत नाहीत.

कार्यक्रम झाल्यावर पंधरा दिवसांत सभेत हिशेब मांडा. किती प्रवेशिका छापल्या, किती विकल्या, किती परत आल्या, कुणाचे पैसे यायचेत. नावं वाचायची की नाही यावर प्रत्येक क्लबात वाद असतो. मी वाचावीत या मताचा आहे. पुठ्ठ्याच्या मोठ्या चेकसोबत फोटो काढायचा असेल तर काढा, पण तो खरा चेक वटल्यावर.

काम पूर्ण झालं की देणाऱ्या प्रत्येकाला एक पान पाठवा : आधीचा फोटो, नंतरचा फोटो, खर्चाचा आकडा, शाळेचा पत्ता. जमेल त्यांना घेऊन एकदा तिथे जा. आणि ३० जूनच्या आत पुढच्या खजिनदाराकडे पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती, बँकेचं स्टेटमेंट, देणगीदारांची यादी आणि न आलेल्या रकमांची यादी सही घेऊन सोपवा. शेवटच्या यादीत ज्यांची नावं आहेत त्यांना जुलैच्या पहिल्या सभेत चहा देताना तेवढी आठवण करा, सार्जंटला सोबत घेऊन.